अकरा खोबण्या

टाकेबाबा बोलायच्या आधी मारायचे. माझी त्यांची ओळखच मुळी पोटरीवर बसलेल्या काठीच्या फटक्याने झाली. अकोले तालुक्यातल्या त्या डोंगरावर मी पहिल्यांदा चढलो तेव्हा घशाला कोरड पडली होती. समोर कातळात कोरलेलं पाण्याचं टाकं दिसलं आणि मी बुटांसकट धावलो. फटका बसला आणि मागून आवाज आला, "पायातलं तिकडं काढ. ह्ये पानी प्यायचं हाय." मी संगमनेरच्या शाळेत मास्तर. मला छड्या मारायची सवय, खायची नाही. पण वळून पाहिलं तर सत्तरीचा वाळका म्हातारा, आणि त्याची नजर अशी की मी मुकाट्याने बुटांच्या नाड्या सोडायला लागलो.

शिमग्यापासून पाऊस पडेपर्यंत वरच्या वाडीला तेवढंच पाणी. बाया हंडे घेऊन खाली टाक्यावर यायच्या. बाबांचा नियम असा, की येणाऱ्याने आधी बायांचा एक हंडा शेंदून द्यायचा आणि मग स्वतः प्यायचं. हा नियम ते कुणाला सांगत नसत, नुसते बघत बसत. हंडा भरून देणारा वाटसरू, त्याची भाकरी पक्की. न देणारा टुरिस्ट, आणि त्याचं काही खरं नसे. "वाटसरू पानी मागतो, मास्तर. टुरीस पान्यात उतरतो," असं ते म्हणायचे. जुन्नरकडचे एक म्हातारे शिंपी दर उन्हाळ्यात एकटेच चालत यायचे. पाच-पाच हंडे भरायचे, उंबराखाली बसून वाडीतल्या बायांची फाटकी पोलकी शिवून द्यायचे. त्यांची वाट बाबा होळीपासूनच बघत.

बाकीच्यांशी मात्र उभा दावा. एकदा एका टोळक्याने टाक्याच्या काठावर टेप लावला आणि तिथंच चुळा भरल्या. बाबांनी टेप उचलला आणि शांतपणे दरीत भिरकावला. टेपवाल्याने त्यांची गचांडी धरली, तर बाबांनी कपाळ हाणून त्याचं नाक फोडलं. रक्त पुसत तो पोरगा खाली पळाला, आणि बाबा मला म्हणाले, "लई वाजत हुतं." त्यांचं चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही. खरं सांगायचं तर मजा वाटली.

या मजेपायीच मी एका पेपराच्या रविवारच्या पुरवणीत लेख लिहिला. एसटी कुठली धरायची, उतरायचं कुठं, शेवटच्या कड्यात अकरा खोबण्या आहेत त्यांवर पाय कसा ठेवायचा, सगळं मास्तरी पद्धतीने लिहिलं. पाणी इतकं नितळ की उडी मारावीशी वाटते, असंही लिहिलं. हंड्याचं लिहायचं राहिलं. लेख मी बाबांना वाचून दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचायला लावला आणि लहान मुलासारखे हसले.

पुढच्या मे महिन्यात डोंगराखाली जीपगाड्यांची रांग लागली. मी सुट्टीत वर पोचलो तेव्हा आठ-दहा जण टाक्यावर होते आणि तिघे पाण्यात होते. शाम्पूचा फेस तरंगत होता. बाया रिकामे हंडे घेऊन उभ्या होत्या. बाबांनी पहिल्याच्या डोक्यात काठी घातली तशी त्याच्या रक्ताची धार पाण्यात उतरली. मग बाकीच्यांनी त्यांच्याच हातातली काठी हिसकावली आणि त्यांनाच झोडपलं. बाबा खाली पडले तरी ती पोरं लाथा घालत होती. त्यांचा हात मोडल्याचा आवाज मी ऐकला. बायांनी दगड उचलले तेव्हा कुठं ती मागे सरली.

मी पुढे झालो आणि एकाला धरून विचारलं, पिण्याच्या पाण्यात उतरताना लाज कशी वाटली नाही? त्याने खिशातून माझ्याच लेखाचं कात्रण काढलं. "पेपरात लिहिलंय, उडी मारावीशी वाटते म्हणून." मी त्याला मारलं. वर्गात कधी कुणाला मारलं नसेल इतकं मारलं, तोंडावर, पाठीवर, तो खाली बसला तरी मारलं. त्याने वाचलं तेच केलं होतं. तो मार माझ्या वाट्याचा होता, हे मला मारतानाच कळत होतं.

फेसाचं, रक्ताचं ते पाणी बायांनी दोन दिवस उपसून टाकलं. तळाशी वीतभर झिरपलं, त्यावर वाडीने पाऊस येईपर्यंत दिवस काढले. दोन तान्ही पोरं हगवणीने गेली.

पंधरा दिवसांनी मी परत गेलो. बाबा कड्याच्या काठावर बसले होते. मोडका हात गळ्यात बांधलेला, पुढ्यात पहार. अकरा खोबण्या त्यांच्या वडिलांनी खोदल्या होत्या. त्या फोडल्या, की टाक्यावर यायला वाडीकडची वाट तेवढी उरणार होती, आणि ती रस्त्यापासून चार तासांची, उभ्या चढाची.

"बाबा, मला मारा," मी म्हटलं.

"तुमी वाचलं, मी हासलो," ते म्हणाले. "मारून काय हुतंय आता? एका हातानं पहार चालंना. तुमी हाना."

उंबराला दोर बांधला, त्याचं दुसरं टोक माझ्या कमरेला. एकेक खोबण उतरायची आणि डोक्यावरची फोडायची. पहिल्या घावाआधी मी विचारलं, "आणि शिंपीकाका? त्या वयात त्यांना वाडीकडून यायला जमायचं नाही."

बाबांनी दोराची गाठ ओढून पाहिली. "त्यो येईल हितवर. कडा बगंल. जाईल माघारी." मग दरडावून म्हणाले, "हाना, मास्तर."

मी हाणत राहिलो. तोंडात कातळाचा भुगा, तळहातांची सालटं निघालेली. अकरावी फुटली तेव्हा मी खाली होतो आणि ते वर. मी कमरेची गाठ सोडली. त्यांनी एका हाताने, दातांचा आधार घेत, दोर वर ओढून घेतला आणि उठून गेले. टाटा नाही, राम राम नाही.

चार वर्षांनी ते वारले, असं वाडीतला एक जण संगमनेरच्या बाजारात भेटला तेव्हा कळलं. पाणी चांगलं आहे म्हणाला. खोबण्या फोडल्यावर शिंपीकाका कधी आले होते का, हे त्याला विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. वर जाऊन बघितलंही नाही. वाडीकडची वाट मला माहीत होती.