मी बंद केलेला फोल्डर

जव्हारच्या आमच्या शाळेतल्या एकमेव संगणकावर मी लिनक्स ही नवी प्रणाली टाकली. मी शाळेचा कारकून, दप्तराचं कपाट कुलूपबंद ठेवायची सवय. तसेच सगळे फोल्डरही कुणाला बदलता येणार नाहीत असे करून ठेवले. दुसऱ्या दिवशी इंटरनेटचा ब्राउझर उघडेना. दाभोशाहून जीपने येणाऱ्या बाई आदल्या दिवशी संगणकासमोर बसल्या होत्या.

“तुम्हीच काहीतरी दाबलंत!” मी सगळ्या शिक्षकांसमोर ओरडलो.

“नाही हो सर, नुसतं बघत होते.”

आठवड्याने कळलं, ब्राउझरला चालताना स्वतःच्या फोल्डरात माहिती लिहावी लागते, आणि तो फोल्डर मीच बंद केला होता. मी गुपचूप दुरुस्त केलं. बाई पुन्हा संगणकाजवळ फिरकल्या नाहीत. त्या निवृत्त होईपर्यंत त्यांचं संगणकावरचं काम मीच करून द्यायचो, आणि दर वेळी त्या म्हणायच्या, “उपकार झाले, सर.”