छातीवाल्या डॉक्टरांची सही

छातीवाले डॉक्टर माणसाकडे बघण्याआधी त्याचा जिना ऐकायचे. शाहूपुरीत पहिल्या मजल्यावर त्यांचा दवाखाना होता आणि जिना लाकडी, उभा होता. खालून कुणी चढू लागलं की डॉक्टरांचं पेन थांबायचं. माणूस मध्ये किती वेळा थांबला, वर आल्यावर पहिलं वाक्य एका दमात बोलला की दोन, हे त्यांनी टिपलेलं असायचं. पेशंट खुर्चीत टेकेपर्यंत त्यांचं निम्मं काम झालेलं असे. पुढे दवाखाना तळमजल्यावर आणा म्हणून मुलगा मागे लागला होता. डॉक्टर म्हणाले, "मग तपासू कसा?"

मी त्यांच्याकडे पेशंट म्हणून जात नसे. नव्वदीच्या दशकाच्या शेवटी मी कोल्हापुरातल्या एका शिशुगृहात काम करत होते. सोडून दिलेली बाळं तिथं असत आणि तिथूनच दत्तक जात. दत्तक मागणाऱ्या नवरा-बायकोच्या फाइलीत वैद्यकीय दाखला लागे. छातीचा फोटो, रक्ताचे रिपोर्ट, बीपी, साखर, मानसिक आजार आहे किंवा नाही, आणि सगळ्यांत खाली सही, की हे दोघे मूल वाढवायला योग्य आहेत. आमच्या संस्थेसाठी ती सही छातीवाले डॉक्टर करत. जोडप्यांना त्यांच्याकडे नेणं आणि कागद परत आणणं हे काम माझं.

मला तो कागद पसंत नव्हता. मी पत्रकांच्या घरातली. वडील जयंतीची, मोर्च्याची, संपाची पत्रकं छापून आणत आणि मी अक्षरं गिरवली ती त्यांच्याच कोऱ्या बाजूवर. अन्याय दिसला की त्यावर पत्रक काढायचं, एवढं मला शाळेत जाण्याआधी कळत होतं. मी दोन पानी मजकूर लिहिला. मथळा होता, 'गर्भाला दाखला लागत नाही'. पोटी मूल होणाऱ्या कोणालाही सरकार छातीचा फोटो मागत नाही, मग ज्याला होत नाही त्याचीच झडती का, असा मुद्दा होता. डॉक्टरांचं नाव घातलं नव्हतं, पण रोख कळत होता. ज्याच्यावर टीका करायची त्याला आधी वाचायला द्यायचं ही आमच्या घरची पद्धत, म्हणून मी तो त्यांच्या टेबलावर ठेवला.

त्यांनी लाल पेन काढून सगळा वाचला. "भाषा झकास हाय," ते म्हणाले. "क्षयाबद्दल दोन वाक्यं चुकीची लिवलीस, ती दुरुस्त केल्यात. आता छाप."

"तुम्हाला राग नाही आला?"

"आला की. पण मला शिव्या देताना औषधाची माहिती चुकू नगं."

"पण पोटच्या मुलाला कोण दाखला मागतं, डॉक्टर?"

"कोण न्हाय. मागाय पायजे, पण माझं ऐकतंय कोण? हितं निदान ऐकत्यात." मग चष्मा पुसत म्हणाले, "ह्या लेकरांचं एकदा आईबाप गेल्यात, पत्रकवाली. दुसऱ्यांदा जाताना माझी सही खाली नसावी, एवढंच."

तेव्हापासून मी त्यांच्या दवाखान्यात पत्रकवाली झाले. पत्रक मात्र छापायचं राहिलं.

नियमाला ते चिकटून असत, पण फॉर्मवरच्या शब्दांना नव्हे. एका बाईंचा उजवा पाय लहानपणी पोलिओनं गेलेला होता. आमच्या सचिवबाईंना ती फाइल नको होती. डॉक्टरांनी त्या बाईंना एकच विचारलं, "बाळाला न्हाऊ कसं घालणार?" आपल्याकडे बाळाला पसरलेल्या पायांवर घेऊन न्हाऊ घालतात. त्या बाईंनी टॉवेल मागितला, सरळ जमिनीवर बसल्या, चांगल्या पायाला लागून टॉवेलाची जाड घडी लावली आणि त्या खाचेत डॉक्टरांची चामड्याची बॅग बाळासारखी निजवून दाखवली. "बॅग पडली का?" त्यांनी विचारलं. डॉक्टरांनी सही केली आणि मला म्हणाले, "तुमच्या सचिवबाईंना विचार, त्यांना येतंय का असं."

मग बिद्रीचं जोडपं आलं. तानाजी साखर कारखान्यात टाइम ऑफिसला कारकून. त्याची बायको शालन. लग्नाला बारा वर्षं झालेली. शालन दर गुरुवारी एसटीनं संस्थेत यायची, कधी कागद द्यायला, कधी नुसतीच. फाइल मंजूर होईपर्यंत बाळ दाखवायचं नाही असा नियम होता. मला तो निर्दय वाटायचा. एका गुरुवारी मी नऊ महिन्यांची सायली उचलून शालनच्या मांडीवर दिली. पुढच्या गुरुवारी सायलीनं तिला बघून आपणच हात पसरले.

तानाजी जिना चढून आला तेव्हा डॉक्टरांचं पेन बराच वेळ थांबलेलं होतं. त्यांनी छातीचा फोटो उजेडाला धरला.

"हा फोटो कुणाचा?"

"माझाच की."

"पावणं, ह्या फोटोतल्या माणसाच्या दोन बरगड्या मोडून जुळल्यात. छातीचा पिंजरा केवढा हाय बघा. तुमी कुठल्या तालमीत हुता?"

तानाजीच्या शर्टात आणखी एक तानाजी मावला असता.  शालन फरशीकडे बघत राहिली.

"फोटोतला माणूस खाली उभा आसंल, तर त्यालाबी बोलवा."

जिना करकरला आणि तानाजीचा धाकटा भाऊ पांडुरंग आत आला. दारात तो तिरका झाला. कुस्ती खेळणारा गडी. का केलंस म्हटल्यावर भाबडेपणानं म्हणाला, "दादाला खोकला हाय. त्याचा फोटो खराब येणार. माझा चांगला येतोय."

डॉक्टर हसले नाहीत. तानाजीची थुंकी तपासली तर क्षय निघाला, आणि तोही जुना. दोनदा औषध सुरू करून त्यानं अर्धवट टाकलं होतं, एकदा बरं वाटलं म्हणून, एकदा गळिताच्या हंगामात जमलं नाही म्हणून.

मी भांडले. सरकारी पत्रक काढून दाखवलं, की औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांत बहुतेकांचा संसर्ग थांबतो. "बरोबर लिवलंय," डॉक्टर म्हणाले. "पण त्यो औषध घेणाऱ्याबद्दल लिवलंय. ह्यो सोडणारा हाय. इंजेक्शनं, गोळ्या धरून आठ महिने. पुरं करंल तवा सही." मग पांडुरंगकडे वळले. "तुझी छाती त्याला दिलीस न्हवं? आता गोळ्या तू द्यायच्या. तुझ्या समोर गिळल्या पायजेत. त्यानं टाळल्या तर धरायचं कसं, ते तुला शिकवाय नगं."

सचिवबाई म्हणाल्या, फसवणूक आहे, फाइल बंद करा. तेव्हा डॉक्टर कधी नव्हे ते फाइली मंजूर करणाऱ्या समितीच्या बैठकीला आले. "फसवलं मला. माझी तक्रार न्हाय. फाइल उघडी राहू दे," म्हणाले. मला हायसं वाटलं. मग त्यांनी दुसरं वाक्य उच्चारलं. "पण त्या बाळाला थांबवू नका. पुढचं घर तयार आसंल तर देऊन टाका."

मी उभी राहिले. "डॉक्टर, ती शालनताईंना ओळखते."

"म्हणूनच. आठ महिने पाळण्यात ठेवून, आणि ह्यानं पुन्हा औषध सोडलं तर? मोठ्या माणसाला थांबाय येतंय." मग म्हणाले, "आणि ती ओळख तू करून दिलीस, पोरी." त्या दिवशी ते मला पत्रकवाली म्हणाले नाहीत.

सायली दुसऱ्या गावी गेली. गुरुवारी शालन आली, पाळणा बघितला आणि मला काही न विचारता शाहूपुरीत गेली. मी मागोमाग गेले. ती दारातूनच म्हणाली, "डॉक्टर, माझी पोरगी तुमी दुसऱ्याला दिली."

"व्हय," ते म्हणाले. "मी दिली." समिती, नियम, सचिवबाई, माझं नाव, यातलं काहीही त्यांनी पुढे केलं नाही.

आठ महिने पांडुरंगनं भावाला एक गोळी चुकवू दिली नाही. थुंकी स्वच्छ आली, सही झाली. पुढच्या वर्षी त्या दोघांना दीड महिन्याची मुलगी मिळाली. शालन तिला दरवर्षी डॉक्टरांकडे तपासायला आणायची. मुलीला त्यांच्यासमोर बसवायची आणि स्वतः खिडकीबाहेर बघायची. डॉक्टर आधी तानाजीच्या पाठीला नळी लावत, मग मुलीला. शालनशी बोलायचा प्रयत्न त्यांनी कधी केला नाही.

मुलगी दुसरीत असताना डॉक्टर गेले. शोकसभा मी आयोजित केली. शालन, तानाजी आणि मुलगी बिद्रीहून आले. दोन शब्द बोलाल का, असं मी शालनला विचारलं.

"काय बोलू? त्यांचं बरोबर हुतं. ह्यांचा जीव त्यांच्यामुळं वाचला. ही पोरगी मिळाली. पण पहिलीला मी इसरले न्हाय, आणि त्यासाठी त्यास्नी माफबी केल्यालं न्हाय. असं सभेत बोलत्यात व्हय?"

मी म्हटलं, बोला. ती माइकजवळ गेली आणि तेवढंच, तसंच बोलली.  पहिल्या रांगेत डॉक्टरांच्या पत्नी बसल्या होत्या. शालन खाली उतरली तेव्हा त्यांनी शेजारची खुर्ची पुढे ओढली आणि तिचा हात धरून तिला बसवलं.

"सायली न्हवं?" त्या म्हणाल्या. "आमच्या घरातबी निघायचं ते नाव."