कार्ड बदला, मी बदलत नाही

वाशीमकडच्या ज्ञानदेवाची जन्मतारीख एक जून. त्याचीच कशाला, त्याच्या वर्गातल्या निम्म्या पोरांची एक जूनच! शाळेत नाव घालताना गुरुजी विचारायचे, "पोरगं कधीचं?" आणि उत्तर यायचं, "मोठ्या पुराच्या आधीचं." मग गुरुजींनी तरी काय करावं? पण ज्ञानदेवाला ते जन्मभर टोचलं. मुलगी झाली तेव्हा गडी दुसऱ्याच दिवशी ग्रामपंचायतीत जाऊन बसला आणि ग्रामसेवकानं लिहिलेलं 'दीपमाला' स्वतः तीनदा वाचल्याशिवाय उठला नाही. लेकीत हट्ट उतरला तो तिथूनच, असं म्हणायला हरकत नाही.

ही दीपमाला लग्न होऊन पुण्यात आली, कर्वेनगरला. नवरा आनंद कारखान्यात, सासू मुक्ताई घरात, आणि ती कोथरूडला पाच घरी पोळ्या लाटायला. लग्नात रीतीप्रमाणे ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवं नाव लिहिलं होतं, भाग्यश्री. पेढे वाटले, तांदूळ डब्यात गेले, नाव मात्र चिकटलं. घरात भाग्यश्री, गल्लीत भाग्यश्री. कागदावर तेवढी दीपमाला.

दिवस राहिले. पाचव्या महिन्यात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन साडेआठ. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोळ्या घे, अंडी-खजूर खा, आणि गॅससमोर तासन्‌तास उभं राहणं कमी कर." सांगायला काय जातं! पाचातली दोन घरं सोडली तर खजूर कुठून आणायचा? तेव्हा वस्तीतल्या आशा सेविका रझियाताई म्हणाल्या, "अगं, पहिलटकरणीला सरकार पाच हजार देतं. दोन हप्त्यांत, थेट तुझ्या खात्यात. खाण्यापिण्याला, विसाव्याला. कुणाची मेहेरबानी नाही त्यात."

दीपमालानं तिथेच ठरवलं, पहिला हप्ता आला की दोन घरांना रामराम.

पण अर्ज परत आला. आधारवर आणि बँकेत दीपमाला. दवाखान्याच्या माता-बाल कार्डावर भाग्यश्री. झालं होतं असं की, पहिल्या तपासणीला सून आत रक्त देत होती आणि बाहेर खिडकीपाशी मुक्ताईंनी मोठ्या हौसेनं तांदळातलं नाव सांगून टाकलं होतं.

सासूसून दवाखान्यात गेल्या. कारकुनानं मान वर न करताच सांगितलं, "आधार बदलून आणा. लग्नानंतर बायका बदलतातच."

"कायले एवढा इचार करतं?" मुक्ताईंनी सुनेला कोपरानं ढोसलं. "टाक करून. आमी ठेवलेलं नाव का वाईट हाये?"

"वाईट नाही, आई. पण आधार बरोबर आहे, बँक बरोबर आहे, दहावीचा दाखला बरोबर आहे. चूक एका कार्डावर आहे." दीपमाला खिडकीकडे वळली. "तर साहेब, कार्ड बदला. मी बदलत नाही."

कारकुनानं चष्म्यावरून पाहिलं. "बाई, इथे बारशी होत नाहीत."

"माझं झालंय. तेवीस वर्षं झाली."

रांगेत खसखस पिकली. कारकून तापला. "मग त्या दिवशी तपासून गेली ती भाग्यश्री कोण?"

"पोट हेच होतं. वाटल्यास त्याला विचारा."

आणि ती समोरच्या बाकावर बसली ती बसलीच. कोथरूडहून फोन यायला लागले. प्रत्येकीला एकच उत्तर, "आज पोळ्या नाहीत." मुक्ताई पदरानं वारा घेत पुटपुटत होत्या, "हसं करतं लोकाइत." तासाभरानं रांगेतली एक पोटुशी हळूच शेजारी येऊन टेकली. "माझंपण असंच अडकलंय गं. सासरी रुक्मिणी केलंय." मग तिसरी आली, चौथी आली. बाक भरला. तेवढ्यात रझियाताई कुणा बाळंतिणीला घेऊन आल्या, त्यांनी बाकाकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं आणि विचारलं, "साहेब, आधार बदलायला चार गरोदर बायका उन्हात पाठवता, का एक पेन उघडता?"

आतून मोठ्या सिस्टर आल्या. त्यांनी आधार पाहिलं, कार्डावरचं नाव खोडलं, वर दीपमाला लिहिलं, सही केली, शिक्का मारला. दोन मिनिटं लागली असतील. पुढच्या तिघींना एकेक.

दोघी बसथांब्यावर आल्या. मुक्ताई म्हणाल्या, "मले बी कोनं इचारलं नोतं. मी कौसल्या होती, गेनबाची लेक." मग पदर सावरत, "पन घरी मी भाग्यश्रीच म्हनीन."

"म्हणा की! तुम्ही म्हणायचं. सरकारनं नाही."

दीड महिन्यानं फोनवर पैसे जमा झाल्याचा निरोप आला. त्याच सकाळी दीपमालानं चौथ्या मजल्यावरच्या बाईंना सांगितलं, "उद्यापासून येणार नाही. शेजारच्यांनाही सांगितलंय."

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "अस्सं! पोळ्या करणाऱ्यांना आता सरकार भरपगारी रजा देतं वाटतं?"

"पगार नाही देत, बाई," दीपमाला चपला घालत म्हणाली, "पण रजा मी घेतलीय."