वन्संनी आणलेला बीगल

फोन आला तेव्हा मी डहाणूच्या मासळीबाजारात बोंबील निवडत होते. पलीकडे लखमी होती. ती बोर्डीला आमच्या वन्संच्या वाडीत काम करते, घरातलंही तीच बघते. "बाई उठत नाय… हात थंड लागतो," एवढंच ती बोलली आणि रडायला लागली. तिच्या मागून दामूचं हेल काढून विव्हळणं ऐकू येत होतं. खरं सांगायचं तर त्या क्षणी दुःखाच्याही आधी माझ्या मनात आलं, की हा कुत्रा आता माझ्या गळ्यात. हे लिहिताना लाज वाटते. पण वन्सं गेल्या त्याला सहा आठवडे झाले, आणि त्यांच्याबद्दल गोडगोड काही लिहिलं तर त्यांनाच पहिल्यांदा राग येईल.

शालिनीवन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. जन्मभर बोर्डीत गणित शिकवलं, लग्न केलं नाही, निवृत्तीनंतर चिकूच्या वाडीतल्या तीन खोल्यांत एकट्या राहिल्या. कुठलीही गोष्ट आधी ठरवायची, मग आम्हाला सांगायची आणि तीही अर्धीच, हा त्यांचा स्वभाव. "नीला, गुरुवारी सुरेशला पाठव, पलंग सरकवायचाय," असा निरोप यायचा. आम्ही पोचावं तर पलंगामागची भिंत फोडून तिथे खिडकीची चौकट बसवायला गवंडी उभा! हे बिचारे कपाळाला हात लावायचे आणि पलंग उचलायचे.

तीन वर्षांपूर्वी असंच झालं. औषधांच्या प्रयोगशाळेत वापरून झालेले बीगल जातीचे कुत्रे मुंबईतली एक संस्था घरोघरी देते, असं त्यांनी कुठेसं वाचलं. मी म्हटलं, "वन्सं, कुत्रंच पाळायचं तर बोर्डीत काय कमी आहेत? नाक्यावरचं एखादं उचला."

"ती मोकळी आहेत, नीला. हा सात वर्षं पिंजऱ्यात होता."

म्हणजे कुत्रा ठरलासुद्धा होता. संस्थेनं मात्र आधी नकार दिला. अडुसष्ट वर्षांची बाई, एकटी राहणारी, तिच्यानंतर कुत्र्याचं काय? वन्सं त्यावर काय म्हणाल्या ते आम्हाला कळलं नाही. पंधरा दिवसांनी मला बोलावणं आलं, "रविवारी ये, अळूवड्या केल्यात." गेले. ओट्यावर मुंबईहून आलेली एक तरुण मुलगी कागद घेऊन बसली होती. मला बघून हसली आणि म्हणाली, "तुम्हीच नीलाताई ना? आजींच्यानंतर कुत्रा तुम्ही सांभाळणार असं फॉर्ममध्ये लिहिलंय. तुम्हाला मान्य आहे ना?" मी वन्संकडे पाहिलं. त्या खाली मान घालून चहा गाळत होत्या. परक्या मुलीसमोर घरातलं भांडण कसं काढायचं? मी सही केली. ती मुलगी गेल्यावर मी जे काय बोलले, ते इथे लिहीत नाही. वन्सं सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "अळूवडी थंड होतेय."

दामू आला. तपकिरी, काळा, पांढरा, लोंबते कान, एका कानात आत गोंदलेला नंबर. अंगानं धडधाकट, पण ओट्यावरून खाली उतरेना. सात वर्षं त्याचे पाय लोखंडावर नाहीतर लादीवर पडले होते, मातीवर कधीच नाहीत. ओट्याच्या कडेला येऊन पंजा खाली सोडायचा आणि चटका बसल्यासारखा वर घ्यायचा. लखमी म्हणाली, "बाई, याला माती ठावूकच नाय." चार दिवस वन्सं वाडीत स्टूल टाकून बसल्या आणि त्याला हाका मारत राहिल्या. पाचव्या दिवशी निरोप आला : सुरेशला पाठव.

मागच्या पडवीच्या जुन्या लाद्या उखडून ठेवल्या होत्या. यांनी, कंबरदुखीच्या माणसानं, त्या एकेक करून वाडीत नेल्या आणि ओट्यापासून पहिल्या चिकूपर्यंत एकीला एक लावून मांडल्या. दामू त्यांवरून चालला. दर सोमवारी वन्सं लाद्यांमधलं अंतर चार बोटं वाढवायच्या. त्यासाठी मोजपट्टी होती! तिसऱ्या महिन्यात एक लादी चुकली आणि दामूचा पाय मातीत पडला. तो थबकला, मग मान खाली घालून बराच वेळ मातीचा वास घेत राहिला. वन्संनी मला ऑफिसात फोन केला. मी तेव्हा तलासरीच्या तहसील कचेरीत होते, समोर दाखल्यांसाठी आलेल्या माणसांची रांग. "उतरला गं…" एवढंच म्हणाल्या आणि फोन ठेवला. कोण उतरलं, कुठे उतरलं, मला काही कळेना.

एकदा माती कळल्यावर मात्र त्यानं ताळ सोडला. गौरीच्या नैवेद्याचं ताट चाटून स्वच्छ केलं. माझी एक नवी चप्पल खाल्ली, दुसरी सोडली. झाडाखाली पडलेले चिकू तर तो बियांसकट गिळायचा. एका दुपारी इतके खाल्ले की उलट्या थांबेनात. वन्सं त्याला मांडीवर घेऊन रिक्षानं तलासरीला आल्या, कारण जनावरांचे ओळखीचे डॉक्टर तिथे होते. मी कचेरीतून चरफडत धावले. डॉक्टर मुख्यतः गाईबैलांचे. त्यांनी दामूला स्टीलच्या टेबलावर ठेवलं आणि सुई काढली. आता हा चावणार म्हणून मी मागे सरकले. दामूनं कुणी न सांगता पुढचा पाय उचलला, डॉक्टरांपुढे धरला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

डॉक्टरांनी सुई खाली घेतली. "असा पेशंट मी पाहिला नाही," असं काहीतरी म्हणाले. वन्सं खोलीबाहेर निघून गेल्या. मी बाहेर आले तर त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, पदर तोंडावर धरलेला. सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. "नीला, त्याला वाटलं मी त्याला परत पोचवायला आणलंय…" त्यानंतर त्याची सगळी इंजेक्शनं चिकूखाली, जमिनीवर बसून झाली. डॉक्टर बोर्डीपर्यंत यायचे. वन्संना नाही म्हणणं कुणाला जमलं होतं?

आमचं मोठं भांडण झालं ते माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनवरून. वापीच्या दवाखान्यात मी दहा दिवस होते. वन्सं एकदा आल्या, वीस मिनिटं बसल्या, चार वेळा घड्याळ पाहिलं आणि "दामू एकटा आहे" म्हणून उठल्या. मला फार लागलं. कुत्र्याचा जेवढा कळवळा आहे त्याच्या निम्मा तरी माणसांचा ठेवा, असं मी बोलून गेले. दोन महिने आमचं बोलणं बंद. मग एक दिवस त्या स्वतःच आल्या, पिशवीत वाडीतले नारळ. एकेक नारळ काढून कोपऱ्यात मांडला आणि म्हणाल्या, "आईला घेऊन मी पाच वर्षं दवाखान्यांत काढली. तो वास आला की मला श्वास घेता येत नाही. दामूचं निमित्त सांगितलं."

"हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"तू विचारलंस कुठे? तू भांडत होतीस."

अशा बाईवर रागवायचं तरी कसं, आणि न रागवता राहायचं तरी कसं?

त्या गेल्या, आणि तेराव्यानंतर दामू आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात आला. येऊन दाराशी बसला. पहिल्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी भात बदलला, अंडं घातलं, सुकट घातली. ताटलीसमोर बसून तो नुसता माझ्या तोंडाकडे बघायचा. तिसऱ्या दिवशी त्या संस्थेतल्या मुलीचा फोन आला. तिला बातमी कळली होती. म्हणाली, "तुम्हाला जमत नसेल तर संकोच करू नका, आम्ही घेऊन जाऊ." मी म्हटलं, उद्या सांगते. खरं तर तेव्हाच हो म्हणणार होते. रिकाम्या पोटानं माझ्या दारात कुत्रा मेला तर वन्संना काय तोंड दाखवणार होते मी?

शेवटी लखमीला फोन लावला. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताटली ठेवून तुम्ही बोलता काय?"

"काय बोलायचं? खा म्हणते."

"बाई तसं नाय म्हणायची. बाई बोलायची, बसा दामू, सावकाश होऊ द्या."

शाळेच्या मुख्याध्यापकांपासून माझ्या वडिलांपर्यंत सगळ्यांना एकेरीत बोलणारी आमची वन्सं… आणि या कुत्र्याला पंगतीतल्या पाहुण्यासारखं अहो-जाहो! मला हसू आलं, आणि हसता हसता ओट्याला धरून उभं राहावं लागलं. मग डोळे पुसले, दार लोटून घेतलं म्हणजे शेजारी ऐकायला नको, आणि म्हटलं, "बसा दामू. सावकाश होऊ द्या."

तो बसला. माझ्याकडे एकदा बघितलं आणि ताटलीत तोंड घातलं. त्या मुलीला मी फोन करून सांगितलं, येऊ नका.

आता हे रोज दोन वेळा म्हणावं लागतं. बाहेरच्या खोलीतून हे हमखास ओ देतात, "आलो, वाढलंस का?"

"तुम्हाला नाही हो," मी आतूनच ओरडते. "तुम्ही जरा थांबा. आधी त्यांचं होऊ दे."