वर न गेलेला लिफ्टमिस्त्री

लिफ्टमिस्त्रीचा अर्धा जन्म माणसांना वर पोचवण्यात गेला आणि उरलेला अर्धा कोण वर जाणार नाही हे सांगण्यात. शेवटच्या काळात येशूवर विश्वासणारे अचानक वर स्वर्गात उचलले जातील, मागे राहणाऱ्यांवर मोठं संकट येईल, देवाच्या क्रोधाच्या सात वाट्या ओतल्या जातील, हे तो बंद पडलेल्या लिफ्टमधल्या माणसांनाही दाराच्या फटीतून ऐकवायचा. ती बिचारी ऐकून घ्यायची. जाणार कुठे?

मुलीने मात्र ऐकून घेतलं नाही. तिने दुसऱ्या चर्चच्या मंडळीतल्या मुलाशी लग्न केलं. तिथे शिकवत, की संकटातून विश्वासणाऱ्यांनाही जावं लागेल, सुटका त्यानंतर. एवढ्यावरून बापाने तिला तोडलं. "मागे राहशील तेव्हा कळेल," म्हणून तिच्या तोंडावर दार लावलं. नात झाली तरी पाहायला गेला नाही. हट्ट तरी किती असावा माणसाला!

त्या दुपारी तो कामावरून लवकर आला, तर घराचं दार सताड उघडं. गॅसवर दूध करपत होतं. टेबलावर बायकोचा चष्मा आणि फोन, दाराशी तिच्या चपला.

"अगं ए!"

ओ नाही. त्याने गॅस बंद केला. चष्म्याशिवाय ती जिनाही उतरत नसे. त्याने आपल्या चर्चच्या पाळकांना फोन लावला, कुणी उचलेना. धावत त्यांच्या घरी गेला. आत रेडिओ चालू होता, माणूस नव्हतं.

दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, गेले असतील कुठे बाहेर. याला वाटलं, वर उचलले गेले. रस्त्यावर फळवाला ओरडत होता, गाड्या धावत होत्या, पण ते सगळे त्याच्या मते मागे राहणारेच होते. त्यांच्यात आपण कसे? कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. मुलीच्या तोंडावर स्वतःच लावलेलं दार त्याला आठवलं.

आता आपलं असं एकच माणूस उरलं असणार, आणि ते कुठे राहतं हे त्याला ठाऊक होतं. मुलीचा जिना चढताना मात्र नवीच धास्ती बसली. तीही गेली असली तर?

"देवा, ती असू दे," तो पुटपुटला आणि दारावर थाप मारली.

मुलीने दार उघडलं.

"आहेस!" तो ओरडलाच. "राहिलीस गं तू!"

तिच्यामागे बायको अनवाणी उभी होती, खांद्यावर नात. पोरीला तापात झटका आला होता. निरोप मिळताच आजी होती तशी पळाली, वाटेत पाळकांना आणि त्यांच्या नर्स बायकोला घेऊन. आता ताप उतरत होता.

मुलगी बापाच्याच घरात वाढलेली. त्याला काय वाटलं होतं, ते तिला समजवावं लागलं नाही.

"मी राहिले, याचा एवढा आनंद झाला, पप्पा?"

"एकटा पडलो असं वाटलं गं. फार भ्यालो."

"आणि मी? तुम्ही दार लावलंत, तेव्हा मला काय वाटलं असेल?"

तो तिथेच उभा राहून रडू लागला. ती बराच वेळ दार अडवून उभी होती.

"हात धुवा आधी. ग्रीस लागलंय," ती शेवटी म्हणाली. "मग घ्या तिला. पण कोण जाणार, कोण राहणार, हे तिच्या कानावर पडता कामा नये."

"नाही पडणार," तो म्हणाला आणि हात धुवायला आत गेला.