साडूंचं मौन

आमच्या मोठ्या साडूंना देवाने तोंड दिलं, पण ते बंद करायची सोय द्यायची राहून गेली. पंप दुरुस्त करायला आलेल्या माणसाला ते पंप शिकवतात. दाताच्या डॉक्टरकडे आ वासून पडलेले असतानाही हातवाऱ्यांनी सल्ला चालू असतो. त्यात दिशेचं ज्ञान शून्य. दहिसरला स्वतःच्याच सोसायटीत शेजारच्या विंगचा जिना चढून दुसऱ्याची बेल वाजवतात आणि दार उघडणाऱ्याला विचारतात, "तुम्ही इथे कसे?"

गेल्या वर्षी त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे आले. पोहे येईपर्यंत साडूंनी मुलाला नोकरी बदलायला सांगितलं, त्याच्या वडिलांचं गुडघ्याचं ऑपरेशन रद्द करून टाकलं आणि आईला चहा कसा उकळावा ते समजावलं. पाहुणे गेले ते गेलेच. मुलगी मनातून खूश झाली, पण ताईंनी, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने, नवऱ्याशी अबोला धरला. "तुझ्या बाबांना सांग, पान वाढलंय," असं त्या मुलीला सांगायच्या. बाबा समोरच बसलेले असायचे.

श्रावणात एकदा साडू आमच्याकडे पार्ल्याला आले आणि चक्क हळू आवाजात म्हणाले, "अरे, घर खायला उठतं रे. वसईच्या डोंगरातल्या तुंगारेश्वराला साकडं घातलंय. हिने एकदा 'अहो' म्हणावं, बस. दहिसर चेकनाक्यापासून देवळापर्यंत पायी जाणार, तोंडातून अक्षर काढणार नाही. मध्ये बोललो तर सगळं फुकट." मला हसू फुटणार होतं, पण त्यांचा चेहरा बघून ते गिळलं.

सोमवारी पहाटे निघालो. ताईही आल्या. "देवाशी माझं भांडण नाही," असं मला ऐकवून बऱ्याच मागून चालत राहिल्या. हायवेवर साडूंनी दोन ट्रकवाल्यांना खुणांनी गाडी चालवायला शिकवलं, तेवढं सोडलं तर सगळं ठीक होतं. जंगलाची वाट लागली आणि घोटाळा झाला. श्रावणामुळे साडूंची दाढी वाढलेली, डोक्यावर उन्हासाठी भगवा पंचा. एका आजींनी देऊळ किती लांब म्हणून विचारलं. साडूंनी बोट वर केलं. आजी हात जोडून म्हणाल्या, "महाराज मौनात आहेत." झालं! लोक पाया पडायला लागले. साडू नको नको म्हणून हात हलवत, तो लोकांना आशीर्वाद वाटे. पुढे वाटेला फाटा फुटला. साडू नेहमीच्या आत्मविश्वासाने चुकीच्या बाजूला वळले आणि त्यांच्यामागे सगळी मंडळी. मी ओरडून सांगत होतो, पण महाराजांपुढे मला कोण विचारतो?

वाट एका गोठ्यापाशी संपली. आत तीन म्हशी रवंथ करत होत्या. भक्तांनी चपला काढल्या. आजींनी पहिल्या म्हशीला बेल वाहिला, तो तिने खाल्ला. साडूंना घाम फुटला, पण सांगणार कसं?

इतक्यात गर्दी बाजूला सारून ताई पुढे आल्या. "अहो, हा गोठा आहे! आणि तुम्ही सगळे कुणाच्या मागे येताय? यांना स्वतःचं घर सापडत नाही!"

साडूंचं तोंड उघडलं. आता उत्तर दिलं तर साकडं मोडणार, नाही दिलं तर ताई पुन्हा रुसणार. साडूंनी पंच्याचं टोक दातांत धरलं आणि मान खाली घालून ताईंच्या मागे निघाले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

ताई चालता चालता बोलतच होत्या. पोहे, पाहुणे, म्हशी, वर्षभराचं सगळं साठलेलं. देवळात साडूंनी घंटा वाजवली, दर्शन घेतलं, बाहेर पायरीवर बसले. शेजारी बसून ताईंचं चालूच. मी वाकून म्हणालो, "साडूभाऊ, सुटलं मौन. बोला आता."

त्यांनी मला हाताने गप्प केलं. "थांब रे," ते कुजबुजले, "ती बोलतेय."