हौदाकडच्या दोन ओळी

आजवर हे मी कुणालाच कळू दिलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आणि मंगलला — तिला सांगायला कितीदा तोंड उघडलं, आणि भलतंच काहीतरी बोलून मिटलं.

मंगल माझी कॉलेजातली मैत्रीण. मखमलाबादला त्यांचा झेंडूचा मळा. नव्वदच्या दशकात आम्ही बी.एस्सी.ला होतो, तेव्हा मळ्यातल्या हौदाच्या पाण्यात तिला व्हॉल्वॉक्स सापडला. बरणीत नुसते हिरवे ठिपके, टाचणीच्या डोक्याएवढे. पण सूक्ष्मदर्शकाखाली — शेकडो एकपेशी जीव मिळून एक गोल, आणि तो अख्खा गोल गिरक्या घेत पोहतोय. त्याच्या पोटात लहान लहान हिरवे गोल. ते वाढले की आई फाटते आणि लेकी बाहेर पडतात. आम्ही जेवायचंही विसरायचो.

एकदा तिचे वडील हौदाच्या पाण्याचा कॅन सायकलला बांधून कॉलेजात आले. सरांनी त्यांनाही बघायला बसवलं. काकांनी टोपी काढली, आधी नको तो डोळा मिटला, मग जमलं. बराच वेळ हलले नाहीत.

"लेकुरवाळी हाय की ही," म्हणाले. तेव्हापासून आमच्यात व्हॉल्वॉक्सचं तेच नाव.

दसरा आला. मंगलच्या घरात फुलांचे ढीग, बरणी कुणाच्या तरी पायाखाली यायची, म्हणून तिने ती माझ्याकडे ठेवली. सोबत तो कॅन, हौदातून पुन्हा भरून आणलेला. पाणी आटलं की यातलंच घाल, एवढंच सांगितलं. सुट्टीनंतर कॉलेजच्या प्रदर्शनात तिला हे मांडायचं होतं.

आमच्याकडे पाहुणे यायचे होते. कॅनला वास येत होता. मी तो मोरीत ओतला. आणि बरणीतलं पाणी कमी झालं तेव्हा — नळाचं घातलं. नळाच्या पाण्यात जंतू मारायचं औषध असतं, हे मला माहीत नव्हतं का? परीक्षेत लिहिलं होतं की. आळस केला, दुसरं काही नाही. दुसऱ्या दिवशी बरणीच्या तळाशी फिकट गाळ.

मंगलने विचारलं, तर म्हणाले, कॅनमधलंच घातलं.

मग दोष कुणाचा? काकांनी दसऱ्याआधी झेंडूवर फवारणी केली होती; तेच औषध हौदात उतरलं आणि कॅनमधून बरणीत आलं, असं मंगलने धरलं. मी तिच्याबरोबर मळ्यावर गेले. हौद उपसलेला होता, पडताळायला काहीच उरलं नव्हतं. ती वडिलांना नाही नाही ते बोलली. काकांनी हातातलं खुरपं खाली ठेवलं.

"माझ्या ध्यानातच नाय आलं गं पोरी. चुकलं माझं."

मी तिथेच उभी होते. हातात त्यांच्याच घरचा चहा. तो मी प्यायले. प्रदर्शनात तिचं टेबल रिकामं राहिलं, आणि कितीतरी दिवस ती वडिलांशी धड बोलली नाही.

पुढे दोघांचं मिटलं. मंगल लग्न होऊन नगरला गेली, अजून माझ्यावर जीव टाकते. मी कॉलेजात शिकवायला लागले. दरवर्षी पाऊस सरला की मुलांना दाखवायला पाणी आणते — कुठून आणणार, त्याच हौदातून. काका आता थकलेत, पण बरणी स्वतःच भरतात. त्यांचा मळा कसा टवटवीत असतो, फक्त हौदाकडच्या दोन ओळी किडीने खाल्लेल्या, पानांची पार चाळण झालेली. तिथे त्यांनी पुन्हा कधी औषध मारलंच नाही.

यंदाही त्यांनी बरणी उजेडात धरली.

"बघा मॅडम, हाय ना लेकुरवाळी? तिकडं फवारा नाय मारत मी."

"हो काका," मी म्हणाले, आणि बरणी घेतली.